ड्रम मशीन घ्यावं की ग्रूव्हबॉक्स? आधी दादरा वाजवून पाहा

नागपुरात निमित्त गणपतीचं असो, आंबेडकर जयंतीचं असो, मारबतीचं असो की वरातीचं, ठेका आधी कानावर येतो आणि माणसं मागून दिसतात. संदलचे ढोल, धुमालच्या गाडीवरचे पॅड, ऑर्केस्ट्रातला ऑक्टोपॅड, हे सगळं या शहराच्या कानाला सवयीचं. त्यात आता एक नवी वस्तू आली आहे. कॉलेजच्या गॅदरिंगला किंवा कॅफेतल्या छोट्या कार्यक्रमात एखादा पोट्टा टेबलावर वहीएवढं यंत्र ठेवतो. त्यावर चौकोनी बटणं, बटणांतून पळणारे दिवे, दोन-चार नॉब. लॅपटॉप नाही, कीबोर्ड नाही. तरी त्यातून ढोल, बेस, सूर सगळं निघतं आणि त्याचा हात फिरेल तसं बदलत जातं.

बघणाऱ्यांचे प्रश्न ठरलेले असतात. हा डीजे आहे का? गाणं आधीच भरून आणलंय का? दोन्हींचं उत्तर नाही. डीजे तयार गाणी वाजवतो आणि एका गाण्यातून दुसऱ्यात नेतो. इथे गाणं तयार नसतं. यंत्रात आवाज असतात, पण कुठला आवाज कधी, किती जोरात आणि किती वेळ वाजायचा हे वाजवणारा ठरवतो, आणि कार्यक्रम चालू असतानाही ते बदलतो.

हे पाहून ज्याला स्वतः करावंसं वाटतं, त्याच्यापुढे खरा गोंधळ उभा राहतो. दुकानाच्या वेबसाइटवर ड्रम मशीन, ग्रूव्हबॉक्स, सॅम्पलर सगळे एकाच रकान्यात. दिसायला जवळपास सारखे, किमती पाच आकडी रकमेपासून लाखाच्या पुढे. आणि नागपुरात बसून मागवायचं तर बहुतेक वेळा हात लावूनही पाहता येत नाही. पैसे मेहनतीचे असतात, म्हणून आधी नीट समजून घेऊ.

चार शब्द, एकदाच

सिक्वेन्सर म्हणजे यंत्राचा लक्षात ठेवणारा भाग. कोणत्या क्षणी कोणता आवाज वाजवायचा ते तुम्ही एकदा सांगता, तो ते पुन्हा पुन्हा वाजवत राहतो. त्याच्या एका घराला स्टेप म्हणतात. सॅम्पल म्हणजे रेकॉर्ड केलेला आवाजाचा तुकडा: ढोलकीची एक थाप, टाळी, दाराची कडी, काहीही. तो साठवून वाजवणारा भाग म्हणजे सॅम्पलर. आणि सिंथ म्हणजे कसलंही रेकॉर्डिंग न वापरता विजेच्या मंडलातून किंवा गणितातून आवाज जन्माला घालणारा भाग.

आता व्याख्या सोपी होते. ड्रम मशीनमध्ये तालवाद्यांचे आवाज आणि ते वाजवणारा सिक्वेन्सर असतो. ग्रूव्हबॉक्समध्ये तेवढं असतंच, शिवाय बेस आणि सुरावट वाजवायला सिंथ किंवा सॅम्पलर असतो, आवाज घुमवायचे-लांबवायचे इफेक्ट असतात, आणि हे सगळे एकाच सिक्वेन्सरवर चालतात. ड्रम मशीन घरी आणणं म्हणजे तबलजी बोलावणं. ग्रूव्हबॉक्स आणणं म्हणजे अख्खी ऑर्केस्ट्रा पार्टी बोलावणं. पार्टीतला तबलजी चांगला असू शकतो, पण त्याच्या वाट्याला स्टेजचा एकच कोपरा येतो. उलट एकटा बोलावलेला तबलजी सगळं लक्ष तालावर देतो. गाणार कोण, पेटी कोण धरणार, ते तुम्हाला पाहावं लागतं.

सोळा बटणांत एक आवर्तन

बहुतेक यंत्रांवर खालच्या ओळीत सोळा बटणं असतात. पाश्चात्त्य चार ठोक्यांच्या मापात प्रत्येक ठोक्याचे चार भाग केले की सोळा होतात, म्हणून ही संख्या. लय १२० ठेवली, म्हणजे मिनिटाला १२० ठोके, तर एक ठोका अर्ध्या सेकंदाचा, एक स्टेप सेकंदाच्या आठव्या भागाची, आणि सोळा स्टेपचा पूर्ण फेरा दोन सेकंदांचा.

तालाच्या भाषेत हा फेरा म्हणजे आवर्तन. केरवा आठ मात्रांचा, म्हणजे प्रत्येक मात्रेला दोन स्टेप मिळतात आणि आवर्तन सोळा बटणांत नेमकं बसतं. धा गे ना ति न क धि न हे बोल १, ३, ५, ७, ९, ११, १३, १५ या स्टेपवर येतात. बायाचा, म्हणजे जोडीतल्या डाव्या, जाड आवाजाच्या वाद्याचा घुमारा फक्त धा, गे आणि धि या बोलांत असतो, म्हणून मोठ्या ड्रमचा आवाज १, ३ आणि १३ वर ठेवायचा. ना, ति, न या दायाच्या (उजव्याच्या) बोलांसाठी एखादा टणक, किणकिणता आवाज घ्या. धा आणि धिमध्ये दाया असतो म्हणून तो १ आणि १३ वरही हवा. क साठी बंद, कोरडा आवाज. झालं. आता यंत्र चालू करा. पाचव्या स्टेपपासून बाराव्यापर्यंत खालचा घुमारा गायब होतो आणि तेराव्यावर परत येतो, तेव्हा पहिल्यांदाच असं वाटतं की हे परदेशी यंत्र आपलं ऐकतं.

विषम स्टेप भरल्या, सम स्टेप रिकाम्या राहिल्या. भरीचे हलके बोल तिथे टाकायचे असतात, आणि वाजवणाऱ्याचा हात कळतो तो तिथेच.

ही यंत्रं कशासाठी जन्मली

आपोआप ताल देणारी यंत्रं बरीच जुनी आहेत, पण बहुतेकांत ताल कारखान्यातूनच ठरून यायचे. जपानच्या रोलंड कंपनीचं सीआर-७८ हे १९७८ सालचं यंत्र मायक्रोप्रोसेसरमुळे वापरणाऱ्याचे ताल लक्षात ठेवू लागलं. पुढे १९८० साली दोन यंत्रं आली आणि दोघांनी दोन उलट वाटा धरल्या.

अमेरिकेत रॉजर लिन यांनी एलएम-१ काढलं. त्यात खऱ्या ड्रमचे आवाज रेकॉर्ड करून चिपमध्ये साठवले होते. आवाज खरा होता, पण त्या काळी मेमरी चिप इतकी महाग की यंत्राची किंमत सुमारे ५,००० डॉलरवर गेली. झांजेचा आवाज लांबत जातो, तेवढा साठवायला मेमरी परवडेना, म्हणून एलएम-१ मध्ये मोठी झांज ठेवलीच नाही. जेमतेम पाचशे यंत्रं बनली.

रोलंडच्या टीआर-८०८ मध्ये रेकॉर्डिंग अजिबात नव्हतं. त्याचा मोठा ड्रम म्हणजे एक मंडल. त्याला विजेचा छोटा धक्का द्यायचा, ते थरथरतं आणि विझत जातं. झांजेसाठी सहा वेगवेगळ्या कंपनांचं मिश्रण. किंमत ११९५ डॉलर. लोक म्हणाले, हा ड्रमसारखा वाजतच नाही. ते बरोबरच होतं. तीनेक वर्षांत सुमारे १२,००० यंत्रं बनवून १९८३ मध्ये उत्पादन थांबलं. मग जुनी यंत्रं स्वस्तात विकली जाऊ लागली आणि न्यूयॉर्क, शिकागो, डेट्रॉइटच्या पैसे नसलेल्या तरुणांच्या हाती लागली. त्यांना खऱ्या ड्रमची नक्कल नको होती. तो लांब, पोटात घुसणारा ठोका हवा होता. हिपहॉप, हाउस आणि टेक्नो यांचा पाया असा घातला गेला. १९८३ साली आलेल्या टीआर-९०९ मध्ये रोलंडनं दोन्ही वाटा एकत्र केल्या: ड्रम मंडलातून, झांजा रेकॉर्डिंगमधून.

यात आपल्याकडची एक गोष्ट सांगायलाच हवी. १९८२ मध्ये मुंबईत, चित्रपटसंगीतात वाजवणाऱ्या चरणजीत सिंग यांनी टीआर-८०८, त्याच कंपनीचं टीबी-३०३ हे बेसचं यंत्र आणि ज्युपिटर-८ हा सिंथ घेऊन रागांची अख्खी तबकडी केली. ३०३ मध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय आहे. मूळ हेतू बेस गिटारची साथ करण्याचा, पण मींडेला ती सोय किती जवळची आहे हे त्यांनी ओळखलं. तेव्हा ती तबकडी फारशी कोणी घेतली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा जगभरचे लोक चकित झाले, कारण ३०३ च्या त्याच आवाजावर शिकागोत उभं राहिलेलं ॲसिड हाउस नावाचं संगीत मूळ तबकडीनंतर काही वर्षांनी जन्मलं होतं. हे यंत्र आपल्या संगीताला परकं आहे असं कोणी म्हटलं तर मला आधी हे नाव आठवतं.

पुढचा टप्पा १९८८ चा. लिन यांनी जपानच्या अकाई कंपनीसाठी एमपीसी-६० बनवलं. सोळा पॅड, सॅम्पलर आणि सिक्वेन्सर एकाच पेटाऱ्यात. १९९६ मध्ये रोलंडनं एमसी-३०३ काढलं आणि त्याला ग्रूव्हबॉक्स म्हटलं. नंतर हे नाव सगळ्याच कंपन्यांच्या अशा यंत्रांना चिकटलं.

आज बाजारात फरक कसा दिसतो

निव्वळ ड्रम मशीनची उदाहरणं घ्यायची तर आर्टुरियाचं ड्रमब्रूट इम्पॅक्ट, बेहरिंगरचं ८०८ वर बेतलेलं आरडी-८, कॉर्गचं छोटं व्होल्का बीट्स आणि रोलंडची टीआर-८एस व टीआर-६एस. टीआर-८एसमध्ये अकरा आवाजांना अकरा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या पट्ट्या आहेत. कार्यक्रम चालू असताना झांज कमी करायची तर त्या फेडरवर बोट गेलं की काम झालं. स्क्रीनमध्ये शिरावं लागत नाही. ड्रम मशीनचं खरं बळ मला यातच वाटतं. प्रत्येक आवाजाला स्वतःची जागा असते आणि हाताला ती पाठ होते.

ग्रूव्हबॉक्समध्ये नोव्हेशनचं सर्किट ट्रॅक्स: दोन सिंथ, चार ड्रम, शिवाय बाहेरची वाद्यं चालवायला दोन ट्रॅक (ट्रॅक म्हणजे एका आवाजाची स्वतंत्र ओळ), आणि आत बॅटरी. रोलंडचं एमसी-१०१ हातात मावतं, त्यात चार ट्रॅक. मोठं भावंड एमसी-७०७, त्यात आठ. अकाईचं एमपीसी वन म्हणजे जवळजवळ पूर्ण स्टुडिओ, पण त्याच्या सात इंची पडद्यावर तुमचे डोळे खिळतात. इथे एका नॉबला दहा कामं असतात. आत्ता तो बेसचा आवाज बदलतोय की ड्रमचा, हे लक्षात ठेवावं लागतं. सुरुवातीचे काही आठवडे याचा वैताग येतो, हे आधीच सांगून ठेवतो.

आणि मध्ये एक मोठा धूसर पट्टा आहे. स्वीडनच्या इलेक्ट्रॉनचं डिजिटॅक्ट, २०१७ चं, कागदावर आठ ट्रॅकचं ड्रम यंत्र. पण ड्रमच्या जागी सारंगीचा एक सूर भरा आणि प्रत्येक स्टेपला वेगळी उंची द्या, की तेच सुरावट वाजवू लागतं. या कंपनीच्या यंत्रांत प्रत्येक स्टेपला स्वतःची वेगळी मांडणी देता येते: पहिल्या धाला बायाचा आवाज खोल, तेराव्या स्टेपवरच्या धिला थोडा वर. तबल्याच्या जवळ जायचं असेल तर ही सोय सोन्यासारखी आहे. टीनेज इंजिनीअरिंगचं ईपी-१३३ हे सॅम्पलरही असंच दोन्हीकडे जातं.

त्यामुळे डब्यावर काय लिहिलंय यापेक्षा आधी स्वतःला विचारा: तुमच्यासोबत वाजवणारं दुसरं कोणी आहे का? घरात कीबोर्ड आहे, भाऊ गिटार वाजवतो, बहीण गाते, तर ड्रम मशीन घ्या. तुम्ही एकटे आहात आणि रात्री खोलीत बसून अख्खं गाणं उभं करायचंय, तर ग्रूव्हबॉक्स.

खरी परीक्षा दादऱ्याची

इंटरनेटवरच्या तुलनांमध्ये एक गोष्ट जवळजवळ नसते, कारण ती लिहिणारे चार ठोक्यांच्या संगीतात वाढलेले असतात. आपल्याला ती सगळ्यात आधी लागते: यंत्र सोळाऐवजी दुसऱ्या लांबीचं आवर्तन देतं का?

दादरा सहा मात्रांचा. मात्रेला दोन स्टेप धरल्या तर बारा. शेवटच्या चार स्टेप बंद करता आल्या पाहिजेत. बहुतेक यंत्रांत हे जमतं. व्होल्का बीट्ससारख्या लहान यंत्रातही नको त्या स्टेप गाळता येतात. एक अडचण मात्र येते. बटणांचे रंग किंवा गट चार-चारचे असतात, म्हणून डोळ्यांना बाराचे तीन भाग दिसतात. दादऱ्याचे भाग मात्र दोन: सम (आवर्तनाची सुरुवात) पहिल्या स्टेपवर आणि खाली (टाळीऐवजी हात उघडा दाखवायची मात्रा) सातव्यावर. डोळे मिटून ऐका, गोंधळ जातो.

रूपक सात मात्रांचा, म्हणजे चौदा स्टेप. सम पहिल्यावर, टाळ्या सातव्या आणि अकराव्या स्टेपवर. झपताल दहा मात्रांचा, वीस स्टेप. सोळाचंच यंत्र असेल तर दहा-दहाचे दोन पॅटर्न (साठवलेले ठेके) करून एकामागे एक जोडा, काम भागतं. तीनताल सोळा मात्रांचा असल्यानं सोळा बटणांत बसल्यासारखा वाटतो, पण मग मात्रेच्या मध्ये एकही बोल टाकायला जागा उरत नाही. प्रत्येक मात्रेला चार स्टेप हव्या असतील तर चौसष्ट लागतात. डिजिटॅक्ट आणि ड्रमब्रूट इम्पॅक्टमध्ये पॅटर्न नेमका चौसष्ट स्टेपपर्यंत जातो.

काही यंत्रांत प्रत्येक ट्रॅकला वेगळी लांबी देता येते. ढोल सोळावर फिरतोय आणि घुंगरू बारावर, म्हणजे दोघांची सम अठ्ठेचाळीस स्टेपनंतर पुन्हा एकत्र येते. तिहाई बरोबर समेवर पडली की होतो तसाच आनंद तिथे मिळतो.

दुसरी परीक्षा झोकाची. सगळ्या स्टेप समान अंतरावर पडल्या की ठेका ताठ वाटतो. लिन यांनी यासाठी स्विंग नावाची सोय दिली: जोडीतली दुसरी स्टेप थोडी उशिरा वाजवायची. १२० च्या लयीत दोन स्टेप मिळून २५० मिलिसेकंद होतात. स्विंग ५० टक्के असेल तर दोघींना १२५-१२५. तेच ६६ केलं तर पहिलीला १६५ आणि दुसरीला ८५. एवढ्याशा सरकण्यानं ठेका डुलायला लागतो. वर मांडलेल्या केरव्यात मूळ बोल विषम स्टेपवर आहेत, त्यामुळे नुसता स्विंग वाढवला तर काहीच बदलणार नाही. आधी सम क्रमांकाच्या स्टेपवर भरीचे हलके बोल टाका, मग नॉब फिरवा आणि फरक ऐका. यंत्रात हे टक्के बारीक बदलता येतात का, आणि एकेका स्टेपला थोडं मागेपुढे सरकवता येतं का, हे विकत घेण्याआधी त्याच्या मॅन्युअलमध्ये शोधा. मॅन्युअल कंपनीच्या वेबसाइटवर फुकट असतं.

"फोनवर ॲप असताना पैसे काऊन घालायचे?"

प्रश्न रास्त आहे. लॅपटॉप या सगळ्या यंत्रांपेक्षा जास्त करू शकतो. गायन रेकॉर्ड करायचं, पाच मिनिटांचं गाणं अंतरा-मुखड्यासह बांधायचं, शेवटचं मिक्सिंग करायचं, तर लॅपटॉपच घ्या. ग्रूव्हबॉक्सवर ते करताना दमछाक होते. आणि हा छंद टिकेल की नाही हे माहीत नसेल तर महिनाभर फोनवरच्या फुकट ॲपवर केरवा आणि दादरा बसवून बघा. त्यात मन रमलं नाही तर यंत्र घेऊनही रमणार नाही.

यंत्राची बाजू वेगळी आहे. दोन हात एकाच वेळी दोन नॉबवर असतात. काचेवर बोट फिरवताना नजर लागते, नॉबला लागत नाही. बटण दाबताच आवाज येतो. मध्येच फोन वाजत नाही, अपडेट उघडत नाही. आणि आवाज मर्यादित असल्यानं माणूस आवाज शोधत बसण्याऐवजी ठेक्यावर बसतो. स्टेजवर हे फार मोलाचं ठरतं.

"यंत्र वाजवतं, माणूस कुठे वाजवतो?"

घरातल्या मोठ्यांची ही तक्रार असते, आणि त्यामागे संगीतावरचं प्रेम असतं, म्हणून ती झटकून टाकू नये. त्यांना एवढंच दाखवा: पॅटर्न तसाच चालू ठेवला तर खरंच चार मिनिटांत कान कंटाळतात. वाजवणाऱ्याचं काम त्या चार मिनिटांत काय बदलायचं हे ठरवण्याचं. बाया कधी काढून घ्यायचा, कधी परत आणायचा, किती आवर्तनं थांबायचं, कोणता बोल हळू करायचा. यासाठी लय अंगात लागते. ज्यानं हातानं टाळी देऊन ताल मोजलेला नाही, त्याला हे यंत्र फार पुढे नेत नाही. रियाजाला इलेक्ट्रॉनिक तबला लावणारे शास्त्रीय गायक आपल्याकडे कितीतरी आहेत. ठेका यंत्राचा म्हणून त्यांच्या गाण्याला कोणी खोटं म्हणत नाही.

"ॲनालॉगच खरं" का?

थोडक्यात सांगतो. ॲनालॉग म्हणजे मंडलातून थेट निघणारा आवाज, दर ठोक्याला किंचित वेगळा. डिजिटल यंत्रं आता त्याच मंडलाचं गणित करून तो आवाज देतात. टीआर-८एस हेच करतं. मंडपातल्या स्पीकरवर हा फरक ओळखणं फार अवघड. पहिल्या यंत्रासाठी ॲनालॉगचे जास्तीचे पैसे मोजू नका. शिवाय ॲनालॉग मंडलाचा सूर तापमानानं सरकतो. ड्रमला ते चालून जातं, पण बेसचा सूर मे महिन्यातल्या आपल्या उन्हाळ्यात दुपारच्या खुल्या स्टेजवर तपासून घ्यावा लागतो.

मागवताना नागपूरकरानं काय पाहावं

वीज सगळ्यात आधी. जपानमधून जुनं यंत्र आणलं तर ते १०० व्होल्टचं असू शकतं. आपल्या २३० व्होल्टवर थेट लावलं तर जळेल. ॲडॅप्टरची पिन बसली म्हणजे तो चालतोच असं नाही: रोलंड-बॉसच्या अनेक ९ व्होल्ट ॲडॅप्टरना मधली पिन ऋण असते, कॉर्ग व्होल्काला मधली धन लागते. यंत्रावर छोटं चित्र असतं, ते बघूनच लावा. वीज जाण्याची धास्ती असेल तर सेलवर चालणारी यंत्रं बरी: व्होल्काला सहा, टीआर-६एस आणि एमसी-१०१ ला चार पेन्सिल सेल. आत लिथियम बॅटरी असलेलं यंत्र उन्हात उभ्या गाडीत कधीच ठेवू नका.

मग आवाज बाहेर कुठून निघतो ते पाहा. व्होल्काला फक्त हेडफोनचं छोटं छिद्र आहे. तिथून लांब वायर मिक्सरपर्यंत नेली की घरघर शिरते आणि साऊंडवाला तुमच्यावर चिडतो. मोठ्या जॅकची दोन आउटपुट असलेलं यंत्र आणि सोबत डीआय बॉक्स (लांब वायरीत घरघर शिरू न देणारा छोटा डबा) असला की स्टेजवर निम्मं टेन्शन जातं. टीआर-८एससारख्या यंत्रांत मोठा ड्रम वेगळ्या वायरीतून देता येतो. मोठ्या मैदानात साऊंडवाल्याला तोच वेगळा हवा असतो.

घरचा कीबोर्ड जोडायचा असेल तर पाच पिनांचं गोल मिडी छिद्र दोन्हीकडे आहे का बघा. मिडी म्हणजे वाद्यांनी एकमेकांशी बोलायची १९८३ पासूनची सामायिक भाषा. नुसत्या यूएसबीनं कीबोर्ड आणि यंत्र एकमेकांना जोडले तर बहुधा काहीच होत नाही, कारण दोघंही संगणकाची वाट पाहत बसतात. दोन यंत्रं मिडीनं जोडली की एका ठोक्यात चोवीस सूक्ष्म इशारे जातात आणि लय सारखी राहते. पण सम कुठे आहे हे त्या इशाऱ्यांत नसतं. म्हणून दोन्ही एकदमच सुरू करायची.

परदेशातून स्वतः मागवत असाल तर सीमाशुल्क आणि जीएसटी धरूनच हिशेब करा, आणि दुरुस्तीसाठी यंत्र कुठे पाठवावं लागेल ते आधी विचारून घ्या.

ढोलकीवाल्याचं काय होईल?

हा प्रश्न मला सगळ्यात जवळचा वाटतो. ऑक्टोपॅड आला तेव्हाही तो विचारला गेला होता, आणि काही कामं गेलीही. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण या यंत्रांत कारखान्यातून जे आवाज भरून येतात, त्यांत संदलचा ढोल नसतो. लावणीची ढोलकी असली तर एखाद-दुसरी, कोणीतरी दूर कुठेतरी घाईत रेकॉर्ड केलेली. ती पोकळी आपणच भरू शकतो, आणि त्यासाठी वाजवणाराच लागतो.

सॅम्पल घेणारं यंत्र असेल तर एखाद्या चांगल्या ढोलकीवाल्याला दोन तास बोलवा. त्याचे पैसे आधी ठरवा, तो आवाज कुठे-कुठे वापरणार ते त्याला स्पष्ट सांगा, आणि गाणं बाहेर आलं की त्याचं नाव घाला. जागा लागत नाही: ६४ मेगाबाइट मेमरीत साध्या मोनो रेकॉर्डिंगची अकरा-एक मिनिटं मावतात, आणि एक थाप क्वचितच सेकंदभर टिकते. पंखा, कूलर बंद करा. प्रत्येक बोल सुटा घ्या, त्याचा घुमारा पूर्ण विझू द्या, मग पुढचा. प्रत्येक बोल तीन जोरांत घ्या: हलका, मध्यम, दणदणीत. यंत्रावर दणदणीत थापेचा आवाज कमी केला तर ती फक्त लहान ऐकू येते. ढोलकीवर हात हलका पडला की आवाजाचा पोतच बदलतो, आणि तो वेगळा रेकॉर्ड केल्याशिवाय यंत्रात येत नाही.